प्रभारी मॅडम

३ फेब्रुवारी, सोमवार

आज दुपारी सव्वाबारा वाजता मी साहेब झाले. उद्या माझं मलाच खोटं वाटू नये म्हणून ही वही काढली आहे.

पूर्ण साहेब नाही, प्रभारी. आमच्या पाणीपुरवठा कार्यालयाचे साहेब पाठदुखीमुळे दीड महिना रजेवर गेले आणि कार्यभार माझ्याकडे आला. तसा वरून तीन ओळींचा आदेशही निघाला. बावीस वर्षं मी या कार्यालयात काढली, एकेक करून सगळी टेबलं फिरले, गेली सहा वर्षं हेडक्लार्क आहे. इतक्या वर्षांत एखाद्या आदेशात माझं नाव एकटं, कुणाच्या खाली नाही, असं आज पहिल्यांदा दिसलं. चार वेळा वाचलं.

साहेबांनी कपाटाच्या किल्ल्या दिल्या, कमरेवर हात ठेवून कण्हत उठले आणि जिना मात्र भराभरा उतरून गेले. पाठीचं दुखणं असंच असतं म्हणे, बसलं की जास्त, चाललं की कमी. चार वर्षांत त्यांनी मला 'अहो बाई'खेरीज हाक मारली नव्हती. आज म्हणाले, "सांभाळा, मॅडम."

घरी सांगितलं. नवऱ्याचं पंखे आणि मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि सरकारी माणसांसाठी त्याच्याकडे शब्दांचं वेगळं कपाट आहे. कारकुंडे, खर्डेघाशे, बोरूबहाद्दर, सरकारी जावई. लग्न झाल्यापासून सगळे माझ्यावरच परजून घेतो. म्हणाला, "म्हणजे आता बोरूबहाद्दरांच्या सेनापती!" सासूबाईंना कमी ऐकू येतं, त्यांना कानाशी जाऊन ओरडून सांगितलं. त्या म्हणाल्या, "अंमलदार झालीस? मग नळाला पाणी आण."

त्यांचंही बरोबर आहे. आमच्या भागाची उंच टाकी अकरा महिने दुरुस्तीसाठी बंद आहे. पाणीपुरवठा कार्यालयातली बाई मी, आणि दिवसाआड टँकरच्या रांगेत बादल्या घेऊन उभी असते. नवरा यावर जे बोलतो ते वहीत लिहिण्यासारखं नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

दिवसभरात मला 'मॅडम' किती वेळा म्हटलं ते मोजलं. एकतीस. 'मॅडमसाहेब' दोनदा, ते वेगळं.

सरकारी माणसाला काय म्हणायचं याची आमच्याकडे एक शिडी आहे, ती मला तोंडपाठ आहे. शिपाई तो मामा. कारकून बाई असेल तर ताई, पुरुष असेल तर भाऊ. जागेवर जाऊन मोजमाप घेणारा अभियंता तो भाऊसाहेब, म्हणजे अर्धा घरचा, अर्धा सरकारचा. मग साहेब, मग मोठे साहेब. त्याच्याही वर जे कोण असतात त्यांना चेहरा नसतो, ते नुसते 'वरचे'. "वरून आलंय" म्हटलं की वाद संपला. ही झाली तोंडावरची नावं. पाठ वळल्यावरची माझ्या नवऱ्याकडे मिळतील.

संध्याकाळी नवीन शिक्का करून आला. आजवर मी सही करायचे ती 'कार्यालयप्रमुखांकरिता' अशी. रोजच्या किरकोळ पत्रांवर हेडक्लार्कने सही करायची आणि साहेबांच्या हुद्द्याशेजारी हाताने 'करिता' लिहायचं, ही आमच्याकडची पद्धत. सही माझी, पण बोलणारे ते. काही चुकलं तरी विचारणा त्यांनाच होते. सहा वर्षं हा 'करिता' लिहून माझ्या मधल्या बोटाला घट्टा पडला आहे. नव्या शिक्क्यावर तो नाही. नुसतं 'प्रभारी कार्यालयप्रमुख'. कोऱ्या कागदावर सात-आठ वेळा उमटवून पाहिला, सगळीकडून छान दिसतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज एक गोष्ट केली. लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मामांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं की लोकांसमोर मला ताई म्हणू नका.

मामा म्हणजे आमचे शिपाई, माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. नोकरीच्या पहिल्या दिवशी आवक नोंदवही कशी आखायची, कुठला रकाना कशाचा, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. सगळे मॅडम म्हणतात आणि हे पाण्याचा पेला ठेवताना "घ्या ताई" म्हणतात, तेही भेटायला आलेल्या लोकांच्या देखत.

"बरं मॅडम," म्हणाले. लगेच म्हणाले. जरा थांबून म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

मी काही माझ्यासाठी सांगितलं नाही. खुर्चीचा मान असतो.

१० फेब्रुवारी, सोमवार

वरच्या मजल्यावरची शेजारीण, जिच्याशी ओल्या कपड्यांच्या पाण्यावरून माझं तीन वर्षं वाकडं आहे, ती आज सकाळी भाजीची वाटी घेऊन आली. "आपल्या मॅडम आहेत तिथे, आता कसली काळजी." गल्लीच्या तोंडाशी दोघातिघांनी हात जोडले. दुकानात नवऱ्याला कुणीतरी 'मॅडमचे मिस्टर' म्हणालं, तो संध्याकाळपर्यंत घुश्श्यात होता. मला मात्र गंमत वाटली.

अकरा वाजता टाकीचा ठेकेदार आला. मी खुर्चीत असताना हा माणूस बसतच नाही. हात जोडून उभा. "सरकार, दुरुस्ती कधीच झाली. आता फक्त तुमचा दाखला. टाकी वापरास योग्य आहे एवढी एक ओळ आणि तुमची सही. संध्याकाळी गल्लीत पाणी सोडतो, सरकार."

'सरकार' हा शब्द आजवर मी फक्त लिहिला होता. कुणी तोंडावर म्हटलं की अंगावर काटा येतो. म्हटलं, फाइल बघते. तो म्हणाला, "बघायचं काय त्यात, मायबाप? साहेबांनी सगळं बघून ठेवलंय."

११ फेब्रुवारी, मंगळवार

फाइल बघितली. अंदाजपत्रक, फोटो, भाऊसाहेबांचा 'काम समाधानकारक' असा अहवाल, सगळं जागच्या जागी. पान एक्केचाळीसनंतर एकदम त्रेचाळीस आहे. नव्या पोरी पानांना आकडे टाकताना गप्पा मारतात, दुसरं काय. चार वाजून दहा मिनिटांनी सही केली, शिक्का मारला आणि दाखला वर पाठवला.

नंतर साहेबांचा फोन. "झालं का?" झालं म्हटलं. पाठ कशी आहे विचारलं, तर म्हणाले अंथरुणाला खिळून आहे. मागून कुणीतरी "कॅच, कॅच" असं ओरडत होतं. शेजारी मुलं खेळत असतील. आजारी माणसाला किती त्रास.

सासूबाईंना कानात सांगितलं, या आठवड्यात नळ येणार. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तेवीस वर्षांच्या संसारात दुसऱ्यांदा.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दाखला परत आला.

वरचा शेरा असा: "'करिता' सही ग्राह्य नाही. प्रभारी अधिकाऱ्याने स्वतःच्या हुद्द्याने सही करून फेरसादर करावा."

कागद उलटून पाहिला तर खरंच. सुबक शिक्का, 'प्रभारी कार्यालयप्रमुख', आणि त्याच्या पुढे माझ्याच हाताच्या तिरक्या अक्षरात 'करिता'. केव्हा लिहिलं, देवाशपथ आठवत नाही. हातानेच लिहिलं, मला न विचारता. तोंडावर कुणी हसलं नाही, पण दोन वाजता मी चहाच्या टेबलाशी गेले तेव्हा तिथला हशा एकदम थांबला.

नवरा मात्र पोटभर हसला. "अगं, स्वतःच स्वतःकरिता! तुझ्या कपाळावरच लिहिलंय ते." त्याच्याशी बोलणं बंद केलं आहे. 

१७ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांचे तीन फोन. तिसऱ्यांदा म्हणाले, "अहो ताई, तुम्ही माझ्या मोठ्या बहिणीसारख्या. एवढी एक सही नीट करा. मी रुजू झालो की पहिला तुमच्या बढतीचा प्रस्ताव." चार वर्षांत पहिल्यांदा ताई. मामांच्या तोंडचा जो शब्द मला खुपला, तोच यांच्या तोंडून मधासारखा लागला. माझं मलाच नवल वाटलं.

नवा दाखला टंकायला घेतला. म्हटलं, पानांचे आकडेही नीट करावेत, नाहीतर वरचे त्यावरून परत पाठवतील. बेचाळीसावं पान मुळात होतं की नाही हे बघायला आवक नोंदवही काढली. बाहेरून येणारा प्रत्येक कागद आधी या वहीत चढतो आणि मग पुढे जातो.

१९ डिसेंबरची नोंद. प्रयोगशाळेकडून. विषय: उंच टाकी, पाणी भरून घेतलेल्या चाचणीचा अहवाल. पाने एक. कोणाकडे दिला: साहेब. शेवटच्या रकान्यात साहेबांची छोटी सही. आणि बाकी सगळं अक्षर माझं.

म्हणजे पान होतं. साहेबांच्या कपाटात पाहिलं, खणात पाहिलं, जुन्या फायलींच्या खोलीत जाऊन शिंका देत पाहिलं. नाही. प्रयोगशाळेला फोन करून प्रत मागितली. तिकडचा कारकून म्हणाला, "साहेबांचं पत्र पाठवा." म्हटलं, मीच साहेब. तर म्हणतो, "तसं नाही हो, खऱ्या साहेबांचं."

साहेबांनाच विचारायला हवं होतं. फोन दोनदा हातात घेतला आणि ठेवला. मी घाबरले की काय, मला समजत नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

टाकीवर गेले. मामांना बरोबर घेतलं. वाटेत रिक्षात आम्ही दोघंच होतो, तरी "मॅडम, डोकं सांभाळा" म्हणाले.

आठ खांबांवरची टाकी, निळा रंग अजून चकचकतोय. खाली सावलीत पाच भाजीवाल्या बसतात, खांबांना दोऱ्या बांधून कुणी कपडे वाळत घातले आहेत. पंपवाला आपल्या खोलीच्या दारात बसून रॉकेलने हात धूत होता. मी कोण विचारलं. ऑफिसातून आले म्हटलं, तर म्हणाला, "ऑफिसातलं इथं कोण येतं?"

मग मामांनी त्याला विडी दिली आणि तो बोलू लागला. डिसेंबरात टाकी भरली होती, निम्मीच. तिसऱ्या दिवशी पूर्वेच्या दोन खांबांच्या डोक्याशी पाणी पाझरायला लागलं आणि वरून बारीक चुरा पडू लागला. घाईघाईने रिकामी केली. पुढच्या आठवड्यात गिलावा झाला, रंग झाला, फोटो काढले.

"भाऊसाहेबांना माहीत आहे?" मी विचारलं.

"सगळ्यांना माहीत आहे बाई. तुम्हालाच कसं नाही?"

पंपवाल्याची शिडी लावून तिसऱ्या पायरीवर चढले आणि त्या खांबाला हात लावला. मामा खाली शिडी धरून. गिलावा नखाने निघाला. आतली सळई अंदाजपत्रकाप्रमाणे अंगठ्याएवढी जाड असायला हवी, ती गंजून पेन्सिलीएवढी राहिली आहे. माझ्या हातातला चुरा खाली एका भाजीवालीच्या टोपलीत पडला. तिने वर बघितलं आणि म्हणाली, "ओ बाई, जरा बाजूला व्हा, गिऱ्हाईक दिसत नाही मला."

मी बाजूला झाले. शिडीवरून उतरून ऑफिसात आले.

२० फेब्रुवारी, गुरुवार

भाऊसाहेबांना बोलावलं. तिशीतला पोरगा, एरवी बोलका. म्हणाला, "मॅडम, जागेवर जायची काय गरज होती? कागद होता ना." मी बेचाळीसावं पान कुठे आहे विचारलं. तो टेबलाच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "माझी सही तेव्हाच घेतली. साहेब म्हणाले, वरून आहे."

दुपारी ठेकेदार. त्याला कसं कळलं कोण जाणे. आज तो न विचारता बसला. "बाई, तुमची मुदत दीड महिन्याची. अशा प्रभारी मी कितीतरी बघितल्या. सही करून मोकळ्या व्हा, नाहीतर गल्लीला मीच सांगतो पाणी कुणी अडवलंय."

'सरकार'ची 'बाई' व्हायला दहा दिवस लागले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज काहीच केलं नाही. फाइल समोर, शिक्का उजव्या हाताला. तीनदा उठून खिडकीपाशी गेले आणि परत आले. मामांनी आणलेला चहा निवला, दुसरा आणला, तोही निवला.

मला खांबातलं काय कळतं? मी बी. ए. आहे. गिलावा नवा असेल म्हणून सुटला असेल. पंपवाल्यांना मीठमसाला लावून सांगायची सवय असते. टाकी अजून वीस वर्षं उभी राहील आणि मी उगाच शहाणपणा केला असं होईल. निवृत्तीला तीन वर्षं राहिली आहेत. आणि काल संध्याकाळी सासूबाई बादली उचलताना घसरल्या, मनगट टम्म सुजलं आहे. एक सही केली की त्यांना बादली उचलावी लागणार नाही. हे सगळं खरं आहे.

आणि हेही खरं आहे, आज पहिल्यांदा मनात आलं: भाऊसाहेब शिकलेला अभियंता आहे. नियमाने कार्यभार त्याच्याकडे जायला हवा होता. साहेबांनी तो माझ्याकडे का दिला? मी इतके दिवस समजत होते की माझ्या बावीस वर्षांकडे बघून दिला.

२३ फेब्रुवारी, रविवार

अबोला मोडून नवऱ्याला सगळं सांगितलं. तो एका पंख्याच्या मोटरीशी झटत होता. वाटलं, आता बोरूबहाद्दर येणार, जावई येणार. काही आलं नाही. हातातला पाना खाली ठेवून म्हणाला, "दुरुस्त केलेला पंखा आणि रंग मारलेला पंखा, यातला फरक तुला मी सांगायचा?"

मग विचारलं, "घाबरली आहेस?"

हो म्हटलं. फार घाबरले आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

फाइलवर टिपणी लिहिली. बावीस वर्षं टिपण्या लिहिते आहे, 'सविनय सादर' आणि 'कृपया अवलोकनार्थ' यांशिवाय माझं पेन हलत नाही. आज शब्द सापडेनात, म्हणून जसं होतं तसंच लिहिलं:

"मी १९ तारखेला टाकी पाहिली. पूर्वेच्या दोन खांबांचा गिलावा हाताने निघतो, आतल्या सळया गंजून बारीक झाल्या आहेत. डिसेंबरमधील चाचणीचा अहवाल १९ डिसेंबरला आवक होऊन साहेबांकडे दिल्याची नोंद आहे, तो फाइलमध्ये नाही. टाकीत पाणी भरू नये. मी दाखला देणार नाही."

सही केली. शिक्का मारला. हात शिक्क्याच्या पुढे सरकला, तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला. मग टिपणीची एक प्रत वर पाठवली आणि जावक वहीत तिची नोंद स्वतः घातली, क्रमांकासकट. एक पान हरवणाऱ्या माणसाला वही हरवणं अवघड जातं.

घरी आल्यावर जेवण व्यवस्थित गेलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

साहेब बरे झाले. तीन ओळींचा आदेश काल आला आणि आज सकाळी ते स्वतः, दोन-दोन पायऱ्या चढत. इतक्या लवकर गुण देणारा वैद्य कोण, असं मी विचारणार होते. नाही विचारलं. किल्ल्या दिल्या.

"अहो बाई," ते म्हणाले, "एवढं लिहायची काय गरज होती? तोंडी बोलला असतात."

पण त्यांनीही दाखल्यावर सही केली नाही. माझी टिपणी आता पान चव्वेचाळीस आहे, आणि ते फाडून भागत नाही. म्हणून 'फेरचाचणी होईपर्यंत टाकी बंद ठेवावी' असं लिहून फाइल बाजूला ठेवली. हवं होतं ते झालं. मग मला इतकं बेचैन का वाटतं आहे?

माझा शिक्का मामांनी जुन्या शिक्क्यांच्या डब्यात टाकला. दुपारपर्यंत सगळ्यांची मी पुन्हा ताई झाले, जणू मधे काही घडलंच नाही. मामा सोडून. ते अजून मॅडम म्हणतात. "मामा, आता राहू द्या ना," मी म्हटलं. ते म्हणाले, "सवय झाली मॅडम." चिडून म्हणाले असते तर माफी मागता आली असती. साधेपणाने म्हणाले.

५ मार्च, बुधवार

ठेकेदाराने शब्द पाळला. गल्लीत सगळ्यांना कळलं आहे की टाकी तयार होती आणि प्रभारी बाईने जाताजाता खोडा घातला. वरची शेजारीण भाजीची वाटी परत मागून घेऊन गेली. वाण्याच्या दुकानात मागून ऐकू आलं, "टेबलाखालून मिळालं नसेल, दुसरं काय." टेबलाखालून! बावीस वर्षांत टेबलाखाली माझ्या फक्त चपला होत्या.

नवरा म्हणतो, कानाडोळा कर. सांगणं सोपं आहे. त्याच्याकडून असे टोमणे ऐकले की हसू यायचं, बाहेरून ऐकले की येत नाही.

९ मार्च, रविवार

सासूबाईंचा हात अजून गळ्यात आहे, नवरा दुकानात, म्हणून सकाळी टँकरच्या रांगेत मीच. दोन बादल्या आणि एक कॅन. आज टँकर उशिरा आला, त्यामुळे मागच्या गल्लीतल्या बायकाही आमच्या रांगेत होत्या. त्यातल्या बऱ्याचजणी मला ओळखत नाहीत.

माझ्या मागे एक उंच बाई होती, कडेवर मूल, पायाशी तीन कॅन. ती पुढच्यांना सांगत होती, "कुणी प्रभारी बाई होती म्हणे. खुर्चीवर बसली आणि डोक्यात हवा गेली."

"सरकारी माणसं ती," दुसरी म्हणाली. "त्यांच्या घरी चोवीस तास नळ असेल."

"त्यांना काय ठाऊक बादली किती जड असते!"

पुढे उभी असलेली वरची शेजारीण मागे वळली. तिने माझ्याकडे बघितलं. मी नुसतं "हो ना" म्हटलं असतं तरी वेळ निभावली असती. तोंडापर्यंत आलंही होतं, खोटं कशाला बोलू.

म्हटलं, "मीच ती बाई."

मग मी जे बोलले ते एका दमात बोलले. खांब सडले आहेत, मी शिडीवर चढून हात लावून पाहिलं, सळई पेन्सिलीएवढी आहे, पाणी भरलं असतं तर टाकी खाली आली असती.

वाटलं, आता ती उंच बाई शिवी देईल, नाहीतर गळ्यात पडेल. तिने मूल या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"माझी सासू बसते तिथे भाजी घेऊन," ती म्हणाली. "रोज. आत्ताही बसलीय. हे तुम्ही कुणाला सांगितलंत?"

"वर कळवलं आहे. लेखी."

"आम्हाला कुणी सांगितलं?"

एकोणीस तारखेला मी त्या टोपल्यांच्या डोक्यावर उभी होते. माझ्या हातातला चुरा खाली पडला होता, आणि त्या बाईने सरका म्हटलं म्हणून मी सरकले होते. मग येऊन चार दिवस मी माझ्या नोकरीच्या उरलेल्या तीन वर्षांचा विचार केला, बढतीचा केला, टिपणीतल्या शब्दांचा केला, प्रत कुठल्या वहीत नोंदवायची त्याचाही केला. बावीस वर्षं सगळं वर पाठवत आले. खाली सांगायचं असतं हे मला कुणी शिकवलं नाही असं आता लिहिणार होते, पण ते शिकवावं लागतं का? मला सुचलं नाही, एवढंच खरं.

माझा नंबर आला होता. बादल्या शेजारणीच्या पायाशी ठेवल्या आणि टाकीकडे निघाले. ती उंच बाई मूल घेऊन माझ्या पुढे, जवळजवळ पळत.

पाचही बसल्या होत्या, खांबांना पाठ टेकून. मी सांगू लागले. टाकी रिकामी असली तरी तिचं स्वतःचं वजन कमी नाही, इथून उठा, सावली दुसरीकडे बघा. एकीने विचारलं, "तुम्ही कोण?" सरकारी माणसाला म्हणायचे इतके शब्द माझ्याकडे आहेत, त्यातला एकही त्या वेळी उपयोगाचा वाटेना. म्हटलं, "मी पलीकडच्या गल्लीत राहते. आपण दोघी मिळून उचलू टोपली, धरा त्या बाजूने."

उंच बाईची सासू उठली, आणखी दोघी उठल्या. उरलेल्या दोघी म्हणाल्या, इतकी वर्षं काही झालं नाही, आज काय होणार. मी अर्धा तास त्यांच्यापाशी उकिडवी बसून सांगत राहिले. त्यांनी ऐकून घेतलं आणि मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडलं.

उद्या ऑफिसला जाण्याआधी पुन्हा जायचं आहे.